झोक्यापुरतं सिमेंट

नाही, पण मला एक सांगा, ट्रकवाल्यांचा संप मिटला ना? मिटला! पेपरात आलं, रेडिओवर आलं, उधना रोडवर ट्रक पुन्हा हॉर्न मारत लोकांच्या अंगावर यायला लागले, म्हणजे अगदी अधिकृतपणे मिटला! मग संपामुळे चढलेला सिमेंटचा भाव अजून वर बसून काय करतोय? चढताना एका दमात चढला, मग उतरताना त्याच्या गुडघ्यांना काय झालं?

तुम्हाला सांगतो, हा प्रश्न मला पडणारच, कारण मी दिल्लीला अर्थशास्त्र शिकून आलोय. सुरतच्या आमच्या नवागामातून इतका लांब कोणी शिकायला गेला नाही, आणि शिकून परत आलेला तर मी एकटाच, त्यामुळे लोक आबांना अजून हळूच विचारतात, "चिंधाभाऊ, कुंदन नापास झाला का हो?" आबा लूमवर, माय घरी साड्यांना टिकल्या लावते, घर म्हणजे एक खोली आणि वर पत्रा. मी आलो होतो देशासाठी काहीतरी करायला... देश म्हणाला, आधी पत्र्याचं बघ.

झालं काय, माझ्या बहिणीची, गायत्रीची, लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आमच्या खानदेशात आखाजीला सासरी गेलेली पोरगी माहेरी येते आणि झोक्यावर बसते, बसलीच पाहिजे. गावी त्यासाठी कडुनिंब होता. नवागामात झाड कुठलं आणायचं? गल्लीतली सगळ्यात उंच वस्तू म्हणजे विजेचा खांब! आणि गायत्रीची सासू, अमळनेरची, चार बायकांत हसत हसत म्हणाली, "सुरतले झोका कोठे बांधतीन व? पत्राले?" हे मायच्या कानावर आलं. संपलं! माय म्हणाली, "पत्रा काढा. धाबं भरा. धाबामा लोखंडनी कडी सोडा. मनी पोर झोकावर बसाले जोयजे!"

आणि आबांनी काय करावं? पत्रा उतरवून भंगारात विकला! आधी सिमेंट आण, मग पत्रा काढ, एवढं साधं अर्थशास्त्र... पण नाही, आम्ही माणसं उत्साहाची. आता धाबं म्हणजे स्लॅब, तो भरला की तीन आठवडे त्याच्यावर पाणी मारत राहायचं, तो पिकल्याशिवाय खालचे टेकू काढायचे नाहीत, झोका तर लांबच. म्हणजे पाडव्याच्या आसपास भरला तरच आखाजी साधणार. तोवर आम्ही तिघं चार भिंतींत, वर मोकळं आकाश, आणि शेजारच्या गच्चीवरून सुकदेवतात्या आमच्या ताटात डोकावून विचारतायत, "काय, आज बी वांगंच का?"

मी गेलो छगनभाईकडे. डिंडोलीच्या वळणावर त्यांचं सिमेंटचं दुकान, गणपतीच्या फोटोखाली गादी. म्हटलं, छगनभाई, संप मिटला. "हा, बहु सारुं थयुं!" मग भाव? छगनभाईंनी एक बोट वर केलं. "भाव तो उपरथी आवे, भाई. आपणा हाथमां शुं छे?" म्हटलं, अहो, पण ही गोण्यांची थप्पी तर संपाच्या आधीपासून तुमच्या गोदामात पडलीय, मी स्वतः पाहिलीय! "हा, पण वेचाय छे तो आजे ने?" विकला जातोय तो आजच ना! म्हणजे बघा हं, भाव वाढला की जुना मालही आजचा होतो. आणि उतरला तर? "ए तो जूना भावनो माल छे, भाई." आजचा मालही जुना होतो! मी तिथेच थक्क होऊन उभा. दिल्लीत असं शिकवतच नाहीत!

बरं, दुसरीकडून घ्यावं म्हटलं, तर आमचे बळीराम मिस्त्री, नांदेडकडचे, हातातली थापी खाली ठेवून बसले. "छगनभाईचाच माल आणा साहेब. दुसऱ्या मालाची ग्यारंटी आपण घेत नाय." का हो? एकच सिमेंट, एकच छाप! "ते आपल्याला नाय माहीत. भाव काय, वरूनच येतोय." आणि यांचंही बोट वर! मला राहवेना, मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने, मंदावहिनींनी, चहा दिला, मी मान वर केली, तर भिंतीवर तीन घड्याळं. एका ओळीत. तिन्हींवर छगनभाईच्या दुकानाचं नाव! म्हटलं, मिस्त्री, हे काय? तर म्हणतात, "दिवाळीला देतेत. माणसाला वेळ कळाया पाहिजे ना!" तीन-तीन घड्याळं... आणि कामावर येतात अकराला!

आता वर म्हणजे नक्की कुठे, हे मला बघायचंच होतं. शटल रिक्षात निम्मा आत, निम्मा रस्त्यावर असा पलसाण्याला गेलो. तिथे हायवेवर मोठ्या शेठचं गोदाम, छगनभाई माल उचलतात ते तिथूनच. शेठना विचारलं. शेठनी बोट वर केलं. वर पंखा होता, तोही बंद. "उपरथी, भाई, कंपनीमांथी." आणि माझं नशीब बघा, कंपनीचा माणूस तिथेच बसलेला, टायवाला, बशीत चहा ओतून पीत. मी त्याला गाठला. म्हटलं, आता तुमच्या वर कोणी नाही, आता सांगा! तर त्याने काय करावं? बोट खाली केलं! "रेट तो नीचे से तय होता है, भाईसाहब." खाली म्हणजे कोण? "आप!" मी? अहो, मी तक्रार करायला आलोय! "लेकिन आपने छत तो खोल दी ना? जिसने छत खोल दी, वो रुक सकता है क्या?"

मी रिक्षात परत येईपर्यंत तेच चघळत होतो. खरंच की! कांदा महागला तर माणूस आठवडाभर कांद्याशिवाय जेवतो. अर्ध्या घरात आठवडाभर अर्धा झोपणार का? आयुष्यात एकदा घर बांधायचं, मुहूर्त गाठायचा, माल मिस्त्री निवडणार, आणि घाई आपली! म्हणजे उपाय एकच, सगळ्यांनी एकजूट करायची! मी गल्लीत ओट्यावर उभा राहिलो, म्हटलं, मंडळी, यंदा ज्याला ज्याला बांधकाम करायचंय त्या सगळ्यांनी मिळून शेठकडून थेट एक ट्रक आणू, मधलं कोणी नाही! सुकदेवतात्या तर उठून ओरडले, "पोरगा दिल्लीमा शिकेल शे, भो!" टाळ्या! तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ट्रक आला, बिल माझ्या नावावर. गल्लीत शिरला नाही. त्याचं अर्थशास्त्र रुंद, आमची गल्ली अरुंद. मग हातगाडी. मग हमाल म्हणाले, गल्लीच्या आत नेण्याचे वेगळे. मग चार गोण्या फाटल्या, दोन ओल्या जागी ठेवल्या त्यांचे धोंडे झाले, मग वर टाकायला प्लास्टिक... आणि गल्ली? गल्लीतल्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या मिस्त्रीने सांगितलं, ग्यारंटी नाही! प्रत्येकाच्या घरी घड्याळवाला मिस्त्री! एकेक जण येऊन माझी पाठ थोपटून गेला, गोणी कोणी नेली नाही.

आमचा स्लॅब मात्र भरला. बळीराम मिस्त्री कसे तयार झाले? मायने त्यांना खापरावरची पुरणपोळी वाढली, वर वाटीभर तूप. पोटाला ग्यारंटी मिळाल्यावर त्यांनी सिमेंटचीही घेतली. कडी सोडली, पाणी मारलं, टेकू निघाले. पण उरलेला ट्रक ठेवायचा कुठे? खोली आमची एकच. तीन भिंतींना छातीइतकी थप्पी, मधे कडीखाली मोरीएवढी जागा.

आखाजीला गायत्री आली. नवी साडी, मेंदी, मायने झोका बांधला, गल्लीतल्या बायका दारात गाणी म्हणायला उभ्या. गायत्री बसली, जमिनीला पाय लावून जोरात रेटा दिला... आणि दोन्ही पाय थप्पीवर, धप्प! सिमेंटचा ढग उठला. बायका खोकत बाहेर. गायत्री आत नखशिखांत राखाडी, जागच्या जागी बसून विचारते, "भाऊ, हाऊ झोका शे का खुर्ची?"

माय माझ्याकडे वळली. "ईक हाई सिमेंट! आते ना आते!" विक म्हणजे आत्ताच्या आत्ता विक!

तेवढ्यात दारात सुकदेवतात्या. ओट्याची फरशी उखडलीय, दोन गोण्या हव्यात. मी मनात जोडलं... हातगाडी, हमाली, फाटलेल्या, धोंडा झालेल्या, प्लास्टिक... आणि भाव सांगितला. तात्या उडालेच! "अरे, हाऊ तं छगनभाईनाच भाव! संप तं मिटना ना?" संप मिटला ना, हा तर माझाच प्रश्न!

तुम्हाला सांगतो, मला सगळं समजावून सांगायचं होतं. पहिल्यापासून, दाखल्यांसकट! गायत्री माझ्याकडे बघतेय, माय बघतेय, तात्या बघतायत... आणि माझं बोट आपोआप वर गेलं.

"वरून येतो, तात्या."

तात्यांनी सुस्कारा सोडला. "हां भो... वरतूनच येस म्हणजे तू तरी काय करशी?" म्हणाले, आणि दोन गोण्या घेऊन गेले.

गायत्रीचा झोका तेवढाच दोन गोण्या लांब गेला.