आलेच हं

नाही नाही, ती नका हलवू — ती निळी बॅग तेवढी राहू द्या मॅडम. बाकीच्या काढा, मापं घ्या, भिंत ठोकून बघा, माझं काही म्हणणं नाही. कुणाची म्हणजे? एका मुलीची. येईल ती. आलेच म्हणून गेलीय. या विद्यार्थी भवनात सगळी पोरं तेच तर म्हणतात — मावशी, बॅग बघा हं, आलोच, आलेच — आणि मग वर टेबल टेनिस, नाटकाची तालीम, नाहीतर निवडणुकीची भांडणं! एकदा रमली की कसलं आलेच नि कसलं काय. संध्याकाळी मीच हाका मारत फिरते.

तुम्ही या घुमटाखाली फॉल्स सीलिंग ठोकणार म्हणे? आवाज फार घुमतो म्हणून? घुमतो हो, खोटं कशाला बोलू. पण ज्यानं हा गोल हॉल बांधला ना, त्यानं काय करून ठेवलंय ठाऊक आहे? त्या मोठ्या दारापाशी भिंतीकडे तोंड करून कुणी नुसतं पुटपुटलं, की ते वरून फिरून नेमकं माझ्या या बॅगांच्या खिडकीत पडतं. मधल्या पायऱ्यांवर बसलेल्यांना पत्ता नाही! एकदा एक मुलगा तिथं उभा राहून तालीम करत होता — मला तू फार आवडतेस, मला तू फार आवडतेस — मी इथून ओरडले, अरे बाबा, पन्नाशी उलटली माझी! सगळ्या पायऱ्या हसल्या. माझी लेक तर पोट धरून लोळली.

लेक... हो, इथंच शिकायची. त्या खांबाला टेकून बसायची. घरून दिलेला डबा तिला नको असायचा, चौघींच्या डब्यांत हात घालून जेवायची. आणि मला चारचौघांत मावशी म्हणायची, लबाड! सगळ्यांची मावशी आहेस, मग माझी एकटीचीच आई कशाला, म्हणे. मला राग यायचा. खरंच यायचा. त्या दिवशी ही निळी बॅग इथं टाकली नि झेरॉक्स काढायला निघाली. मी रांगेतल्या पोरांना बिल्ले देत होते, वर बघितलंसुद्धा नाही — आणि खिडकीत आवाज आला, हळूच, दारापासचा — आलेच हं, आई. आई म्हणाली! मी मान वर केली तोवर ती बाहेर. मग ब्रेक करकचून लागले ते. तेही इथंच पडलं, याच खिडकीत.

अशी बघू नकोस ग, मॅडम असलीस तरी लेकीसारखीच तू मला. वेड नाही लागलेलं मला. पोचवून आलेय मी तिला, माझ्या डोळ्यांदेखत. पण सुट्टी लागली, हॉल मोकळा पडला — चिटपाखरू नसतं इथं — की येतं ते. आलेच हं, आई. रोज नाही. मी काम टाकून मान वर करते, दारात कुणी नसतं. शिपाई म्हणतो, भास आहे मावशी. असेल बाबा, भास असेल. पण भासाला तरी यायला वाट नको? आणि तुम्ही तीच बुजवणार.

एवढं कर पोरी — तुमच्या त्या सीलिंगमध्ये या खिडकीवरची हातभर जागा मोकळी सोड. भोक दिसेल? दिसू दे की. वाईट दिसलं तर म्हणावं, मावशीची खोड. बाकी सगळं झाका, मी ब्र काढणार नाही. साहेबांना विचारावं लागेल? मग विचार ना! फोन गाडीत राहिला? बरं, जाऊन —

काय म्हणालीस?

नको. ते नको म्हणूस. जाते म्हण. अग, म्हणू नये वगैरे मला नको शिकवू, मीच तुझ्याएवढ्या पोरींना शिकवत आलेय ते — येते म्हणावं, जाते म्हणू नये. तू जाते म्हण. आणि साहेबांना तिकडूनच विचार, नाही म्हणाले तर शिपायाकडे निरोप दे, तू परत येऊ नकोस. एक पुरे झालीय मला. ही टेप राहिली तुझी, घे. आणि त्या दारापाशी थांबून काही बोलू नकोस. तोंड मिटून जा.