दादांकडून वेगळं निघताना

मी मूळचा बार्शीचा. वडील साखर कारखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले, आमच्याकडं नोकरी बदलली म्हणजे कुठंतरी भांडून आलाय नाहीतर काहीतरी गडबड करून आलाय असंच धरायचे, त्यामुळं नोकरी बदलायची विद्या मला कुणी शिकवलीच नाही बघा. सोलापूरला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात कॉम्प्युटरचं शिकलो, आणि दोन हजार एकला इकडं ह्यूस्टनला आलो. आलो तो काळ काय सांगू तुम्हाला ताई, लोक सामान विकून परत चालले होते आणि मी बॅगा घेऊन येत होतो. ज्या कंपनीनं आणलं तिनं थोड्याच महिन्यांत सगळ्यांना एका खोलीत बोलावलं, पिझ्झा खायला घातला आणि काढून टाकलं. घास तोंडात होता हो. आणि व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की देश सोडायचा.

तेव्हा दादा भेटले. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला. ह्यूस्टनला लागूनच शुगर लँडला त्यांची छोटी कन्सल्टिंग कंपनी, आमच्यासारखी माणसं ठेवायची आणि तेलकंपन्यांना कॉम्प्युटरच्या कामाला पुरवायची. मला म्हणाले, बार्शीचा का तू, मग माझ्या सासुरवाडीचाच की रे, उद्या ये ऑफिसात. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, थँक्यू दादा. तिथंच फसलो. सर म्हणायला पाहिजे होतं. इथं गोऱ्या मॅनेजरला नावानं हाक मारतात ते परवडलं, पण दादा म्हटलं की मालक मालक राहत नाही, त्याची बायको वहिनी होते, आणि भावाशी काय घासाघीस करणार तुम्ही? तरी खोटं नाही बोलणार, त्या माणसानं मला वाचवलं. त्यांनी घेतलं नसतं तर मी तेव्हाच बार्शीला जाऊन बसलो असतो.

पुढच्या वर्षी लग्न झालं, मानसी आली. लातूरला शाळेत गणित शिकवायची, वर्गात शिरली की पोरं चिडीचूप. इथं तिचा व्हिसा माझ्या व्हिसाला लटकलेला, तिला काम करायची बंदी. शुगर लँडला पायी चालणारा माणूस म्हणजे गाडी बिघडलेला माणूस, त्यात ते उकडणं, मी गाडी घेऊन गेलो की ती घरात. स्वयंपाकघरातले डबे या फळीवरचे त्या फळीवर करायची, चार दिवसांनी परत पहिल्या फळीवर. मला धडकी भरायची ते बघून. ग्रीन कार्डची फाइल शेवटच्या टप्प्यावर पोचली की तिला काम करता येणार होतं, आणि फाइल मालकानंच टाकायची असते, म्हणजे दादांनी.

मी विचारायचो, दादा, फाइलचं काय झालं. ते म्हणायचे, टाकू की रे, घरचंच आहे. हे घरचंच आहे ऐकलं की माझं तोंड बंद. विचारायचो पण कुठं, त्यांच्याच घरी जेवताना, वहिनी वरून म्हणणार, आधी जेवू दे त्याला. वहिनींची आई इंडियातून यायची, एअरपोर्टला मी. गणपतीचं मखर, मी. त्यांच्या मुलांचा कॉम्प्युटर बिघडला, मी. शेवटी मानसीनं एकदा भाजी चिरता चिरता वहिनींनाच विचारलं, आणि पुढच्या आठवड्यात फाइल गेली. दोन हजार तीन होतं ते.

गेली आणि अडकली. पहिल्या पायरीवरच, वर्षानुवर्षं. फाइल टाकली ती तारीख म्हणजे तुमचा रांगेतला नंबर, इथं आपली माणसं भेटली की आधी तेच विचारतात. माझी आई आली होती तेव्हाची गंमत सांगतो, पिकनिकला एका काकूंनी मानसीला विचारलं, तुमची डेट कधीची गं? आईनं ते ऐकलं, आणि घरी येऊन मानसीला लाडू करून घालायला लागली. मी सांगितलं, आई, ती बाळंतपणाची डेट नाही, ही सरकारची डेट. आई म्हणाली, नऊ महिन्यांत काही होत नाही का तुमच्या सरकारचं? आम्ही हसलो, मग मानसी आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मधे काय झालं, मी ज्या तेलकंपनीत जात होतो तिथला साहेब म्हणाला, आमच्याकडं कायमचा ये. मी पार्किंगमध्ये जाऊन वकिलाला फोन केला. वकील म्हणाला, आत्ता निघालास तर रांगेतली जागा गेली, पहिल्यापासून सुरू. मानसीला मी सांगितलंच नाही दोन दिवस, मग सांगितलं, तर ती म्हणाली, राहू दे, आपण दादांकडंच राहू. तिनं म्हटलं म्हणून जास्त लागलं मला.

मग दोन हजार सातच्या उन्हाळ्यात सरकारनं अचानक सगळ्यांच्या तारखा उघडल्या, म्हणजे रांग न बघता शेवटचा अर्ज टाका म्हणाले, परत बंद केल्या, परत उघडल्या. लसी टोचून घे, फोटो काढ, जन्मदाखला मागव, सगळे पळत होते. आमची पहिली पायरी तोवर कशीबशी पार झाली होती, त्यामुळं शेवटचा अर्ज आत गेला, काही महिन्यांनी मानसीला कामाचा परवाना आला. नियम असा की अर्ज आत जाऊन सहा महिने झाले की मालक बदलता येतो, पण काम तेच किंवा तसंच पाहिजे. सेम ऑर सिमिलर, हे तीन शब्द मला झोपेत विचारा.

सहा महिने झाले आणि मी काय चूक केली सांगू, राजीनामा ऑफिसात द्यायचा, तो मी दादांच्या घरी गेलो द्यायला. रविवारी, मानसीला घेऊन. वहिनींनी थालीपीठ लावलेलं. दादांनी ऐकून घेतलं, म्हणाले, मी तुला नोकरासारखं कधी वागवलं का? नाही म्हणालो. तेच तर दुखणं होतं, पण ते कसं सांगायचं? मग वहिनींकडं बघून म्हणाले, ऐकलं का, हा वेगळा निघतोय म्हणे. वहिनींनी गॅस बंद केला. अहो, नोकरीच सोडत होतो ना मी! वेगळा निघतोय म्हणाले आणि मला वाटलं मी घर फोडलं. गाडीत बसलो आणि रडलो, मानसीनं गाडी चालवली.

आता नव्या कंपनीत आहे, साहेब चांगला आहे. परवा म्हणाला, टीमचा लीड हो. वकिलाला विचारलं, तो म्हणाला, हुद्द्याचं नावही बदलेल, कामही बदलेल, कशाला धोका घेतोस. मी साहेबाला सांगितलं, मला आहे तेच बरं आहे. त्याला वाटलं, माणसाला हौसच नाही. हुशारी दाखवायची चोरी झालीय बघा. कार्ड कधी येईल, देवाला माहीत.

पण मानसीचं सांगतो. तिला मुलांना गणित शिकवायच्या एका सेंटरमध्ये काम मिळालं होतं, आणि ह्या कामाच्या परवान्याची गंमत अशी की अर्ज माझा, अडकलेला मी, पण ती कुठंही काम करू शकते. काल संध्याकाळी घरी आली, चपला काढल्या, म्हणाली, सोडली नोकरी. मी ताडकन उठलो, अगं वकिलाला विचारलंस का? ती म्हणाली, वकील कशाला, सेंटरची ती बाई सगळ्यांसमोर ओरडली माझ्यावर, मी सांगितलं जमणार नाही, आणि आले. मी म्हटलं, मग आता? तर म्हणाली, आता काय, दुसरी बघीन, चहा टाकू का तुला?

मी चहाला हो म्हटलं, ताई. नोकरी अशी सोडतात हे मला ठाऊकच नव्हतं. आनंद झाला, खरंच झाला, देव तिला असंच ठेवो. पण माझं कार्ड आलं तर असं चपला काढता काढता मला म्हणता येईल का, याचा रात्रभर विचार केला. नाही वाटत.