केसरच्या बागा आणि माडीवरची खोली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या आंबा उत्पादक कंपनीचे ज्येष्ठ संचालक श्री. नेमसिंगभाऊ राठोड, ज्यांच्या बागेतल्या झाडाखाली या कंपनीची पहिली बैठक झाली ते श्री. शेख वाहिदभाई, व्यासपीठावर बसलेले माझे वरिष्ठ, कार्यालयातले सहकारी, फुलसावंगी, ढाणकी आणि आसपासच्या गावांतून आंबा उतरवायची कामं टाकून आलेले बागायतदार बंधू, आणि समोर पंख्याखालची जागा पटकावून बसलेल्या माझ्या भगिनींनो,

काल संध्याकाळी मी कार्यालयाच्या कपाटाची किल्ली सोपवली. त्यामुळे आज आपल्यासमोर कृषी अधिकारी उभी नाही, नुसती सुचित्रा मुळावकर उभी आहे. ती कशी बोलते हे मलाही नीट आठवत नाही. सांभाळून घ्या. कूलरचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, पण तो बंद करू नका. नाहीतर भाषण संपेपर्यंत माझ्यासोबत फक्त अध्यक्ष उरतील.

नेमसिंगभाऊ आत्ता म्हणाले, "मॅडम लय कडक. पण त्यांच्या कडकपणापायी आपला केसर विलायतेले गेला." आपण सगळे हसलात, मीही हसले. आंबा गेला तो तुमच्या मेहनतीनं गेला, हे मी आधी सांगून टाकते. कडकपणाबद्दल मात्र थोडं बोलायचं आहे. एरवी मी बोलले नसते, पण निरोपाच्या दिवशी माणसाला माईक मिळतो आणि कुणी मधे उठवत नाही.

मी या भागात बदलून आले तेव्हा माझ्यासोबत माझे वडील होते. दीनानाथ मुळावकर. आर्णीच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. आई नव्हती, मी लग्न केलेलं नव्हतं. आम्ही दोघंच. खोली मिळेना. म्हातारा माणूस आहे म्हटलं की लोक आजारपणाला घाबरतात. तेव्हा वाहिदभाईंनी त्यांची माडीवरची खोली दिली. वडिलांना जिना चढवेल का, अशी मला शंका होती. वाहिदभाई म्हणाले, "चढवेन मी." आणि पहिल्या दिवशी खरोखर त्यांनी बाबांना हाताला धरून वर नेलं.

त्या घरात आम्ही किती सुखात राहिलो, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. बाबा खाली अंगणात बसून वाहिदभाईंच्या मुस्कानकडून पाढे म्हणवून घ्यायचे. गुलनार, म्हणजे वाहिदभाईंच्या पत्नी, मला बाजी म्हणायच्या. बाजी म्हणजे मोठी बहीण. मी दौऱ्यावरून उशिरा आले की बाबांचं जेवण झालेलं असायचं आणि माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं. आमच्यासाठी वेगळ्या पातेल्यात वरण शिजायचं. मी एकदा म्हटलं, इतका त्रास कशाला? गुलनार म्हणाल्या, "बाबांले आमची मिर्ची सोसते का? मंग?" विषय संपला.

बाबा गेले ते त्याच खोलीत. जिना अरुंद आहे. वाहिदभाईंनी आणि त्यांच्या भावानं त्यांना खाली आणलं, आणि आर्णीपर्यंत गाडीत माझ्या शेजारी गुलनार बसून होत्या. तेराव्यानंतर मी परत आले तर खोली झाडून ठेवलेली होती आणि बाबांची खुर्ची अंगणातून उचलून माझ्या खिडकीशी आणून ठेवलेली होती.

आता आंब्याकडे येते. वाहिदभाईंनी केसर लावला, नेमसिंगभाऊंनी लावला, मग भावसिंगभाऊंनी, असे तुम्ही एकेक जण आलात. झाडांना फळ धरलं तेव्हा निर्यातीची गोष्ट निघाली. मीच काढली होती. परदेशात आंबा पाठवायचा तर दोन गोष्टी बघतात. खाणाऱ्याच्या पोटात फवारणीचं औषध जाऊ नये, आणि त्यांच्या देशातल्या झाडांवर आपली कीड जाऊ नये. त्यासाठी बागेची नोंदणी करावी लागते आणि तोडणीच्या वेळी अधिकाऱ्यानं बाग आणि फळं तपासावी लागतात. या भागातली ती अधिकारी कोण? मीच.

वाहिदभाईंच्या बागेचा नोंदणीचा अर्ज माझ्या टेबलावर आला, तेव्हा मी वरिष्ठांना विचारलं. त्यांनी सांगितलं, "भाडं देऊन राहता ना? मग त्यात काय." नियमात काही अडत नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं. पण मी विचार केला, उद्या मी नेमसिंगभाऊंचा माल परत पाठवला आणि वाहिदभाईंचा पास केला, तर लोक काय म्हणतील? बाई त्यांच्या घरचं जेवते. आणि एकदा सहीवरचा विश्वास उडाला, तर ती सही वाहिदभाईंच्याही कामाची राहणार नाही. म्हणून मी माडीवरची खोली सोडायची ठरवली. महागावला एक खोली बघितली.

गुलनार कणीक मळत होत्या. मी सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही.

"काहून जाऊन राह्यल्या बाजी? आमच्या घरात काई कमी पडलं का?"

मी म्हटलं, कमी काहीच नाही. बागेची तपासणी मला करायची आहे. तपासणाऱ्यानं त्या घरात राहू नये.

"कागदापायी माणूस घर सोडते का?"

मी म्हटलं, सोडावं लागतं.

त्यांनी परातीवर फडकं टाकलं आणि त्या आत गेल्या. मी सामान टेम्पोत भरलं. बाबांची खुर्ची नेली नाही, ती त्या घराचीच वाटली.

त्यानंतर गावात जे बोललं गेलं ते आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून मी ते आडपडदा न ठेवता सांगते. ढाणकीच्या बाजारात एकानं वाहिदभाईंना तोंडावर म्हटलं की बाप होता तोवर बाईनं निभावलं, आता तिला आपल्या लोकांत राहायचं आहे. माझ्या कानावर आलं तशी मी बस धरून फुलसावंगीला गेले. गुलनार दारातच उभ्या होत्या. मी बोलायला लागले तर म्हणाल्या, "मले काई सांगू नका बाजी, मले ठाऊक आहे. लोकांले काय सांगू, थे सांगा."

मी काय करणार होते? घरोघरी जाऊन सांगणार होते का? आज एवढी सगळी माणसं एका मांडवात बसलेली आहेत, म्हणून त्या लोकांना मी आज सांगते. मी ते घर कुणाच्या धर्मापायी सोडलं नाही. त्या घरासारखं घर मला नंतर कुठे मिळालं नाही. मी एका तपासणीपायी तिथून निघाले. ज्यांनी दुसरं काही म्हटलं असेल, त्यांनी आता तरी ते म्हणणं थांबवावं.

पाणी घेते थोडं.

तर तपासणी. फळमाशी आंब्याच्या सालीला टोचून आत अंडी घालते. बाहेरून सुईच्या टोकाएवढा डाग दिसतो, कधी तोही दिसत नाही. आत अळी. त्या देशात एका पेटीत एक जिवंत अळी निघाली तर सारा माल जातो आणि पुढच्या वर्षी त्या भागाकडे कुणी वळून बघत नाही. म्हणून गळालेली फळं रोज वेचून खोल पुरायची, बागेत सापळे टांगायचे, हे मी सगळ्यांना सांगत होते. पहिल्या वर्षी ते सगळ्यांनी केलं नाही. वाहिदभाईंनी केलं, पण त्यांच्या बांधाला लागून असलेल्या बागेत गळ तशीच पडून होती. माशीला बांध कळत नाही.

त्या सकाळी क्रेट भरून ठेवलेले होते. झाडाखाली सतरंजी घातलेली. घरातून पाण्याचा तांब्या आला होता. मी माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले. तांब्या तसाच राहिला. मग क्रेटमधून फळं निवडली आणि कापायला बसले. चांगली निघत गेली. वाहिदभाई माझ्यासमोर उकिडवे बसून बघत होते. मग एका फळात, कोयीच्या बाजूला, ती दिसली. पांढरी, तांदळाच्या कणीएवढी, हलत होती.

मी काही बोलायच्या आधी वाहिदभाईंनीच बघितलं.

"ताई, एक आहे."

मी म्हटलं, हो, एक आहे.

"एका आळीपायी सारा माल?"

मी म्हटलं, सारा माल.

मला वाटलं, आता ते बाबांचं नाव घेतील. जिन्यावरून त्यांना खाली आणलं ते काढतील. त्यांनी काढलं असतं तर मला राग धरता आला असता, आणि रागानं माणसाला थोडा आधार होतो. त्यांनी तसं काही केलं नाही. उठले, गुडघे झटकले आणि मजुरांना म्हणाले, "क्रेट नांदेडच्या गाडीत टाका रे. हा माल इथंच खपवू." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी जा मॅडम, ऊन झालं."

मला मॅडम म्हणायची सुरुवात तिथून झाली.

पुढचं आपल्याला माहीत आहे. वाहिदभाईंनी पावसाळ्याआधी सगळ्या बागायतदारांना त्याच झाडाखाली बोलावलं. कुणावर चिडले नाहीत. म्हणाले, "माझी बाग एकट्यानं साफ ठेवून फायदा नाई. गळ सगळ्यांची उचलू." त्या बैठकीतून ही कंपनी उभी राहिली. मी मागे उभी होते. भाषण करायला सांगितलं तर नको म्हटलं. दोन हंगामांनी माल पास झाला, मुंबईच्या बाजूला निर्यातीआधी फळांना देतात त्या गरम पाण्याच्या प्रक्रियेला गेला आणि तिथून पुढे. त्या दिवशी इथं पेढे वाटले. मी सही केली, पेढा घेतला नाही, महागावला जाऊन कुकर लावला. मला वाईट वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. मला फार आनंद झाला होता आणि तो सांगायला घरात कुणी नव्हतं.

मुस्कानच्या लग्नाची पत्रिका आली. ऐन तपासणीच्या दिवसांत लग्न होतं. मी गेले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि जेवणाच्या मांडवाकडे न जाता परत फिरले. फाटकाशी वळून बघितलं तर गुलनार ताट हातात घेऊन उभ्या होत्या. हाक मारली नाही. मीही थांबले नाही.

असे हंगाम गेले. आपल्याकडच्या प्रत्येक बागेत मी फिरले आणि एकाही घरी जेवले नाही. आपल्याला वाटत असेल बाईला गर्व आहे. मी मनाशी म्हणायची, निवृत्त झाले की पहिल्या दिवशी त्या घरी जाईन, स्वयंपाकघरात पाटावर बसेन आणि काय असेल ते वाढून घेईन.

आज सकाळी गेले. गुलनार, मी हे इथं बोलते आहे, राग मानू नका.

मला समोरच्या खोलीत सोफ्यावर बसवलं. पंखा लावला. काचेच्या ग्लासात पाणी आलं, ट्रेमध्ये. चहा बशीसकट आला. मी उठून आत जायला लागले तर त्या घाईनं म्हणाल्या, "बसा ना मॅडम, आत पसारा आहे." माडीवरच्या खोलीत आता क्रेट ठेवतात, असं कळलं. बाबांची खुर्ची विचारावीशी वाटली, विचारली नाही. आम्ही उन्हाबद्दल बोललो. मुस्कानला मुलगी झाली, तिच्याबद्दल बोललो. "आता कुठं राहाल?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुतण्या पुण्यात आहे, पियूष, तो बोलावतो आहे. त्या म्हणाल्या, "चांगलं आहे. तिथं दवाखाने जवळ असतात."

मग त्यांनी आंबा आणला. त्यांच्याच बागेतला. माझ्यासमोर सुरीनं दोन्ही बाजू कापल्या, फाका उघडून ठेवल्या, कोय उलटी करून दाखवली आणि बशी माझ्याकडे वळवली. "पाहून घ्या," म्हणाल्या. टोमणा नव्हता, माझी शपथ. इतक्या वर्षांत माझ्यासमोर आंबा असाच ठेवायचा असतो, एवढंच त्यांना माहीत झालं होतं.

आणि मी पाहिलं. खाण्याआधी पाहिलं. नजर आपली आपण गेली.

आंबा फार गोड होता.

असो. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलेलं मला दिसलं. कंपनीनं दिलेल्या शालीबद्दल, या सुंदर कार्यक्रमाबद्दल, इतक्या उन्हात आलेल्या प्रत्येकाबद्दल मी ऋणी आहे. माझ्या जागी येणाऱ्या अधिकाऱ्यालाही असंच सहकार्य करा. त्याला जेवायला बोलावत राहा, तो नाही म्हणेल तरी बोलावत राहा.

बोलण्यात उणं-अधिक झालं असेल तर ते आपण नेहमीप्रमाणे पोटात घालाल. नोकरीत माझ्या हातून काही चुकलं असेल तर ते कार्यालय बघेल. मला आपली क्षमा दुसऱ्याच गोष्टींसाठी मागायची आहे. ज्या मी चुकून केल्या नाहीत, बरोबर म्हणून केल्या, आणि पुन्हा वेळ आली तर तशाच करीन, त्यांच्यासाठी. देता आली तर द्या.

धन्यवाद.