निलेशच्या गाडीचं ॲव्हरेज

वागळे इस्टेटला माझं टायरचं दुकान, पण अर्धे लोक येतात ते गाडीची नाडी दाखवायला. मागे डोंबिवलीचा माझा मित्र निलेश आलेला, पार वैतागून.

"नवी गाडी रे, पण पेट्रोल नुसतं पिते. शोरूमवाले म्हणतात दोष नाही. रविवारी विकूनच टाकतो."

टायरची हवा बघितली, फिल्टर बघितला. सगळं ठीक.

"रोज चालवतोस किती?"

"कुठे चालवतो? मला ऑफिसची बस आहे. ही सोसायटीत उभीच असते."

इथे मला संशय आला. दुसऱ्या दिवशी भरदुपारी त्याच्या सोसायटीत गेलो. गाडी जागेवरच, पण इंजिन चालू, काचा बंद. आत एसीच्या गारव्यात निलेशचे वडील दोन दोस्तांना घेऊन तीन-दोन-पाच खेळत बसलेले!

काका दचकले. "घरात हिने पत्ते बंद केलेत रे, आणि बाहेर बसवत नाही. निलेशला बोललास तर बघ!" मग हळूच म्हणाले, "मेंढीकोटला चौथा भिडू नाहीये. बसतोस?"

संध्याकाळी निलेशचा फोन. "सापडला का दोष?"

"इतक्यात विकू नकोस," मी म्हटलं. "दोष बारीक आहे. रोज दुपारी गाडीत बसूनच बघावा लागेल."