दुसरं पानी तापव

माझं नाव सगुणा. गाव नगर जिल्ह्यातलं, त्याचं नाव नका लिवू, तिथं आता आमचं कुनी न्हाई. आज्जा दुष्काळात ख्रिस्ती झाला. लोक म्हनायचे पोटासाठी झाला, आन् झाला असंल बी, मला त्याची लाज न्हाई. आधी जेवू घातलं आन् मंग देवाचं नाव सांगितलं, तर तो क्रम बराबर आहे असं मी म्हनते.

लगीन होऊन मुंबईला आले. नवरा परळच्या बाजूला एका देवळात कामाला. देऊळ म्हंजे चर्च, आमी ख्रिस्ती लोक त्याला देऊळच म्हनतो. घंटा वाजवायची, बाकं पुसायची, फाटक उघडायचं-लावायचं, आन् त्याबदल्यात मागं एक खोली. नवरा छातीच्या दुखन्यानं गेला तवा पंच आले, पंच म्हंजे देवळाचा कारभार बघनारे, म्हनले सगुणाबाई, दया म्हनून खोली ऱ्हाऊ देतो, काम आता तुमी करा. दया! काम मी करायचं आन् दया त्यांची. काय सांगू तुमाला ताई, हा शब्द ऐकला की अजून डोकं फिरतं माझं.

इस्टरच्या आधी आमचा पवित्र गुरुवार येतो. मरायच्या आदल्या राती येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवन म्हनून पाळकसाहेब, म्हंजे आमचे पाद्री, बारा मानसांचे पाय धुतात. बारा मानसं कोन? पंच, हेडक्लार्क, मास्तर, असले. सगळे पुरुष. आन् गंमत ऐका, ते घरूनच पाय धुऊन यायचे. साबन लावून, नखं कापून, एक तर पावडर लावून यायचा. एवढं करून बी देवळात शिरायच्या आधी माझ्या नळावर पुन्यांदा धुवायचे. असल्या धुतलेल्या पायांना पाळकसाहेब बोटानं पानी लावायचे, पंच्यानं टिपायचे, आन् सगळी मंडळी डोळे पुसायची, काय ती नम्रता! पन ते पानी तापवून तांब्याचं घंगाळ उचलून कोन आनायचं? सांडलेलं कोन पुसायचं? पंचे कोन धुवायचं? मला नम्रतेचा राग न्हाई ताई. ज्याची पाठ आधीच वाकलेली त्यालाच वाका म्हनून शिकवतात, त्याचा राग आहे. त्या फरशीवर माझे पाय भेगाळले, ते कुनी बघितले न्हाई.

समोरच्या चाळीत काशीबाई ऱ्हायची. कोकनातली, मिलमधी सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात कामाला. चाळीचा नळ गेला की कळशी घेऊन माझ्या नळावर यायची, पंचांना ते आवडायचं न्हाई. तोंडानं फटकळ, माझ्यासारखीच, म्हनून आमचं जमलं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात ही कायम पुढं. मला म्हनायची, चल गो, मुंबय काय तुझी नाय? मी म्हनायचे, मुंबई माझी आहे, खोली माझी न्हाई.

एका वर्षी नेमका त्या गुरुवारीच मोर्चा निघाला. पाळकसाहेब सकाळी येऊन सांगून गेले, काय बी झालं तरी फाटक उघडायचं न्हाई, देवळाला राजकारनात पडायचं न्हाई, उघडलं तर पंचांपुढं मला तुमची बाजू घेता येनार न्हाई. बरं म्हनले. दुपार टळल्यावर पानी तापवलं, घंगाळ भरलं, पंचे घडी करून ठेवले, आन् रस्त्यावर गलका झाला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. सोडावॉटरच्या बाटल्या फुटून रस्ताभर काचा, पळताना चपला गेलेल्या, बायामानसं त्या काचांवरून अनवानी पळत व्हती. काही जन आमच्या फाटकाचे गज धरून उभे ऱ्हायले. त्यात काशीबाई. ती मला फाटक उघड असं म्हनली न्हाई बरं का. नुसतं बघितलं. तिला म्हाईत व्हतं माझी खोली जाईल ते, म्हनून गप ऱ्हायली. ते तिचं गप ऱ्हानं मला सोसलं न्हाई. किल्ली कमरेलाच व्हती.

उघडलं फाटक. सगळ्यांना वऱ्हांड्यात बसवलं. पाय बघवत न्हवते. माझ्याकडं काय व्हतं दुसरं? ते घंगाळ व्हतं आन् ते पंचे व्हते. मी खाली बसले, एकेकाचा पाय मांडीवर घेतला, काचा काढल्या, धुतलं, पंचे फाडून बांधले. एक म्हातारा मिलवाला पाय मागं घ्यायला लागला, म्हनला नको बाई, माझा पाय लई घान आहे. मी खेकसले त्याच्यावर, घान आहे म्हनूनच धुतेय ना, गप बस. आन् खरं सांगते, तवा मला वाटलं येशू हितं आहे, ह्या वऱ्हांड्यात. इतकी वर्षं आत झाडू मारला, तवा कधी न्हवतं वाटलं.

सांजेला पाळकसाहेब आन् पंच आले, धुतलेले पाय घेऊन. लोक तवर पांगले व्हते, काशीबाई तेवढी बसलेली, तिला पाय टेकवत न्हवता. त्यांनी घंगाळात बघितलं, पानी लाल. कुनाला लागलं, किती लागलं, कुनी विचारलं न्हाई. हेडक्लार्क म्हनले, आता विधी कसा करायचा? पाळकसाहेब माझ्याकडं न बघता म्हनले, दुसरं पानी तापव.

आन् मी तापवलं! लुगड्याला रक्त तसंच, मी चूल पेटवली, घंगाळ घासलं, घरातली फडकी काढून दिली, आन् त्यांनी विधी केला. वाचन झालं, प्रार्थना झाली, पावडरचे पाय टिपून झाले. काशीबाई खांबाला टेकून दारातनं बघत व्हती. मला हळूच म्हनली, ह्येंच्या पायांक काय लागला गो? मी म्हनले, काय बी न्हाई.

इस्टर झाल्यावर पंचांनी खोली सोडा म्हनून सांगितलं. पाळकसाहेब म्हनले, तुमच्यासाठी प्रार्थना करीन. करोत. काशीबाई लंगडत आली आन् माझी पेटी डोईवर घेऊन चालायला लागली, विचारलं बी न्हाई. तिच्या खोलीत आधीच मानसं मावत न्हवती. तिचा नवरा म्हनला, भिंतीकडची जागा तुमची, येशूची तसबीर असंल तर लावा, गनपतीच्या बाजूला खिळा आहे.

मंग मी हास्पिटलात आयाचं काम धरलं. पहिल्या दिवशी घानीत हात घालून घालून जीव नकोसा झाला व्हता. घरी आले तर काशीबाई दारात तांब्या घेऊन उभी. त्यांच्यात बाहेरनं आलं की पाय धुवूनच आत यायचं. मी तांब्या घ्यायला हात पुढं केला, तर हिनं दिला न्हाई. खाली बसली, पानी ओतलं आन् माझ्या टाचा हातानं चोळायला लागली. मी पाय मागं ओढला, म्हनले अगं नको, हास्पिटलची घान आहे. ती म्हनली, घाण आसा म्हणानच धुतंय मा, गप रव.

रडले मी ताई. दारातच रडले. जल्मात पहिल्यांदा कुनी माझे पाय धुतले.

आता महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, चाळीत पेढे वाटले. मी देवळात जाते अजून, देऊळ काय पंचांच्या बापाचं न्हाई. शेवटच्या बाकावर बसते. फक्त पवित्र गुरुवारी जात न्हाई, त्या दिवशी काशीबाई मिलमधनं येते तवा मी तांब्या घेऊन दारात असते. राग गेला का म्हनता? न्हाई गेला. तरी देव पाळकसाहेबांचं भलं करो, पंचांचं बी भलं करो. पन त्याच्या आधी एकदा त्यांचे पाय मळू देत.