वहिनींचा साक्षीभाव

आता तुम्हीच सांगा, मला राग यायला नको होता का? धाकट्या जावेच्या नातवाचं भिंगारला बारसं झालं आणि मला, बाळाच्या सख्ख्या चुलत आजीला, ते मोबाईलच्या स्टेटसवर कळलं! मी तडक शेजारच्या सुनंदावहिनींकडे गेले. त्या शाळेत समुपदेशक आहेत. मुलांना नीट समजून घेता यावं आणि स्वतःलाही वळण लागावं म्हणून सध्या भारतीय मानसशास्त्राचा ऑनलाइन कोर्स करतायत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटून म्हणाल्या, "मंदाताई, राग आलाय ना? त्याच्याकडे नुसतं साक्षीभावानं बघा. आला तसा जाईल."

"अहो, मला तो जायला नकोच आहे! तुम्ही आधी म्हणा, तिचं चुकलं."

"मी कुणाची बाजू घेत नाही. चूक-बरोबर ठरवत बसायचं नाही, असं शिकवलंय आम्हाला."

इतक्या वर्षांचा शेजार, आणि बाजू घेत नाही म्हणे! मग मीही बोलून गेले, "तिच्या सुनेच्या डोहाळजेवणाला तुम्ही केलेल्या पुरणपोळ्यांना ती चिवट म्हणाली, तेव्हा मी घेतली होती हो तुमची बाजू!"

वहिनींनी खाडकन डोळे उघडले. "चिवट? पहाटेपासून लाटत होते मी! चला, काढा तुमची स्कूटी. भिंगारला जाऊ."

"अहो, आणि कोर्स?"

"तो आठ वाजता असतो. आत्ता साडेसहाच वाजलेत."