बेचाळीस ठिकाणी जुज

—नाय नाय, माफी राहू द्या मॅडम, आधी बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय. तर तुम्ही प्रांजली, वाळूजच्या कंपनीत इंजिनियर — आन् माझ्या ‘जिल्द’मध्ये स्पेलिंगची चूक सापडली तुम्हाला! वा. सहा वर्षं हा कय्युम ते सॉफ्टवेअर फुकट सांभाळतोय, कुठकुठचे लोक आपल्या यंत्रांची, प्रोग्रामांची माहिती त्यात टाकतात, ते पान-पान लावून पुस्तक बांधून देतं — आन् एकालाबी दिसली नाय ती चूक. इंग्रजी अक्षरांत ‘जुज’ दिसलं, तुम्हाला वाटलं ह्या येड्याला ‘जस्ट’बी लिहिता येईना. केलं बेचाळीस ठिकाणी ‘जस्ट’. एकदा विचारायचं तरी! इथं छावणीत माझ्या अब्बांचं जिल्दसाजीचं, पुस्तकं बांधायचं दुकान होतं, हीच खोली — सोळा पानांची एक घडी, तिला म्हणतात जुज. जुजाला जुज शिवला की पुस्तक. जिल्दमध्येबी नवं प्रकरण सुरू करायचा शब्द तोच. पण आडातच नाय तर पोहऱ्यात कुठून येणार?

तुम्ही बदललं प्रोग्राममध्ये, लोकांच्या फायलींत मात्र जुजच ऱ्हायलं ना! जिल्दला ते वळखू येईना, त्यानं गपचूप सोडून दिलं. एका पंपवाल्याच्या पुस्तकातून काय गेलं, ठाव हाय? ‘आधी वीज बंद करा’ — ते प्रकरणच गेलं. कुणी मेलं नाय, नशीब. तुमच्यासारखे लई येतात मॅडम. एक स्वल्पविराम घालायचा, दुसऱ्यानं तो काढायचा, आन् दोघांनीबी नोकरीच्या अर्जात लिहायचं — ओपन सोर्सला योगदान! अब्बा जुज मोजल्याबिगर सुई हातात घेऊ द्यायचे नाय. न मोजता टाका घातला की पट्टी बसायची, इथं, बोटांवर. तुम्हाला कुणी मारलंच नाय, तिथंच घोळ झाला.

काय दाखवता? लॅपटॉप इकडं करा. मंजुरी — हौ, मंजूर केल्याबिगर बदल आत जातो कसा? कुणी केला... माझंच नाव असणार, दुसरं हाय कोण इथं? बुधवार, सव्वाचार.

बुधवार.

त्या दिवशी टेम्पो आला होता. अब्बांचा शिकंजा — पुस्तकं दाबायचा, लोखंडाचा, लई जड — भंगारात दिला. मला टेबलाला जागा पाहिजे होती. हेच टेबल, तुमचा कोपर हाय ते. अब्बा पायरीवर बसून बघत होते — तवापासून बोललेच नाय माझ्याशी. एका हातात दोरी होती माझ्या, दुसऱ्या हातानं मोबाइलवर ‘मंजूर’ दाबलं. वाचलं का? नाय वाचलं. एक ओळ नाय. खोटं कशाला बोलू, वर्ष झालं, कुणाचंच वाचत नाय मी. नुसतं दाबतो. आन् जिल्दच्या पहिल्या पानावर काय लिहून ठेवलंय — ‘अब्बांच्या हातांना.’ वाचलं असंल तुम्ही. तुम्ही वाचताच की सगळं, चुका काढायला...

ह्या काय, दुरुस्त्या? बेचाळीसच्या बेचाळीस? मोजल्या? दोनदा?

ठेवा तिथं. मी वाचतो. आज नाय दाबणार, वाचल्यावर दाबीन. आन् हळू बोला जरा — अब्बा पडद्याआड जागे हायेत. कान गेलेत त्यांचे, पण ‘जुज’ म्हटलेलं ऐकू येतं.

मघापासून किती वेळा म्हटलं मी?

...जावा तुम्ही आता.